ट्रस्टची एवढी काय घाई आहे?

कॅलिफोर्नियात घर घेतलंत, अभिनंदन. आता दिवाळीच्या पॉटलकला कोणीतरी तुम्हाला गाठून विचारणारच, "काय रे, लिव्हिंग ट्रस्ट केलास का?" (म्हणजे हयातीतच घरदार ट्रस्टच्या नावावर करायचं, आपल्यामागे ते कोर्टाच्या फेऱ्यांशिवाय वारसांना मिळावं म्हणून.) तेव्हा सरळ 'शुभ बोल नाऱ्या' म्हणायचं आणि श्रीखंडाकडे वळायचं. मरणाचा विषय काढला की मरण येतं, आणि ज्यांनी कधीच काढला नाही ते सगळे अजून ठणठणीत आहेत, हो ना?

शिवाय ट्रस्ट म्हणजे वकिलाला आत्ताच्या आत्ता काही हजार डॉलर मोजा. त्यापेक्षा प्रोबेट (माणूस गेल्यावर कोर्टामार्फत होणारी मालमत्तेची वाटणी) बरं, आज दमडी लागत नाही, लागेल ती मागे राहिलेल्यांना. वकिलाचा दर तर कायद्यातच छापलाय, घासाघीस नको: पहिल्या लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या लाखावर ३, त्यापुढच्या आठ लाखांवर २, मग १ (कोटीच्या वरचं आपण कशाला बघा). फ्रीमाँटचं १५ लाखांचं घर धरा, वकिलाचे २८,००० आणि एक्झिक्युटरलाही (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला) तेवढेच घेता येतात, म्हणजे झाले ५६,०००. आणि खरी गंमत पुढेच आहे, हा हिशोब घराच्या पूर्ण किमतीवर होतो, बँकेचं १० लाखांचं कर्ज अजून फिटायचं असलं तरी ते वजा होत नाही! वर वर्ष-दीड वर्ष सहज जातं, पेपरात नोटीस छापून येते, कोर्टातली फाईल कोणीही उघडून बघू शकतं. हयातीत नाव कधी पेपरात आलं नाही, निदान असं तरी येईल.

तरीही बायको ऐकतच नसेल तर करा बाबा ट्रस्ट. जाडजूड बाईंडर मिळतो, त्यावर सोनेरी अक्षरात आपलं आडनाव, तो कपाटात गणपतीच्या मखराशेजारी ठेवायचा आणि घराचं डीड, म्हणजे मालकीचा कागद, मात्र स्वतःच्याच नावावर राहू द्यायचं. घर ट्रस्टच्या नावावर करायला एक कागद नोटराइज करून काउंटीत नोंदवावा लागतो, कोण जाणार तिकडे? ज्यांनी ही हौस केली त्यांनीही घाबरू नये, व्याजदर उतरले की रिफायनान्स कराल (जुनं कर्ज फेडून स्वस्त नवं घ्याल), तेव्हा बँक बहुधा म्हणेल घर आधी ट्रस्टमधून बाहेर काढा, काढायचं, आणि परत आत घालायला विसरायचं. ट्रस्टचा खर्चही झाला आणि प्रोबेटही हुकलं नाही.

आपल्यामागे ट्रस्टी कोण, तर साताऱ्याचा दादा. विश्वासाचा माणूस, तिकडे बसून सगळं बघेल. अमेरिकन टॅक्सच्या नियमात कारभार परदेशातल्या माणसाच्या हातात गेला की अख्खा ट्रस्टच परदेशी धरला जाऊ शकतो, पण एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी दादाला दुखवायचं का?

राहता राहिली मुलं. त्यांचा सांभाळ कोणी करायचा हे सहसा ट्रस्टमध्ये नाही, मृत्युपत्रात लिहायचं असतं, पण तुमची बहीण की तिची बहीण हा प्रश्न निघाला की घरात आठवडाभर अबोला, त्यापेक्षा जजसाहेबांनाच ठरवू दे. ते दोघींनाही ओळखत नाहीत, म्हणजे पक्षपाताचा प्रश्नच मिटला.