कॉलेज फुटबॉलचे अब्जावधी डॉलर वर्गापर्यंत पोचत नाहीत

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दलचा (आपला फुटबॉल नव्हे, अंडाकृती चेंडूचा अमेरिकन फुटबॉल) एक मजकूर सतत फिरत असतो. तिथले संघ अब्जावधी डॉलरचे आहेत, त्या कमाईवर विद्यापीठं चालतात, मुलांचं शिक्षण स्वस्त होतं, खेळाडूही फुकट शिकतात. आपल्या विद्यापीठांनीही हेच करावं. मुलांना तिकडे पाठवायला निघालेले पालकही यावर विश्वास ठेवतात, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

"संघ अब्जावधींचे आहेत."
सीएनबीसीने डिसेंबर २०२४ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अख्ख्या क्रीडा विभागाचं मूल्य १.३२ अब्ज डॉलर काढलं. हा अंदाज आहे, तिजोरीतली रक्कम नव्हे. विद्यापीठ हा विभाग बाजारात विकायला काढत नाही, मग ते पैसे हातात येणार कुठून? याच विभागाला २०२३-२४ या आर्थिक वर्षात पावणेचार कोटी डॉलरच्या आसपास तूट आली. त्या मोसमात घरच्या मैदानावर सहाच सामने झाले, आदल्या मोसमात आठ होते, हेही त्यामागचं एक कारण. ज्याच्या स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं बसतात, त्याची ही अवस्था आहे.

"सगळीच विद्यापीठं कमावतात."
साफ चूक. कॉलेज क्रीडेची नियामक संस्था एनसीएए हिच्याच आकड्यांनुसार २०१९ मध्ये सुमारे १,१०० सदस्य संस्थांपैकी फक्त २५ ठिकाणी क्रीडा विभागाचं उत्पन्न खर्चापेक्षा जास्त होतं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही हक्कांवरची एनसीएएची पकड मोडली, तेव्हापासून मोठा पैसा आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या बड्या गटांकडे वळत गेला. बिग टेन या गटाचा २०२३ पासूनचा सात वर्षांचा टीव्ही करार ७ अब्ज डॉलरच्या वर आहे. त्यातला वाटा गटातल्या विद्यापीठांना मिळतो, गटाबाहेरच्यांना नाही.

"शिक्षण स्वस्त होतं."
मला सर्वांत जास्त खटकतो तो हा मुद्दा, कारण पुष्कळ ठिकाणी पैसा उलट दिशेने वाहतो. क्लेमसन विद्यापीठाने २०१६ आणि २०१८ च्या मोसमात फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तिथेच २०२५ पासून विद्यार्थ्यांवर दर सत्राला १५० डॉलर क्रीडा शुल्क लागलं. व्हर्जिनियात तर विद्यार्थ्यांच्या शुल्कातून क्रीडा विभागाला किती पैसे द्यायचे, यावर मर्यादा घालणारा कायदा २०१५ मध्ये करावा लागला. न्यू जर्सीतलं रटगर्स घ्या, जिथे मराठी घरांतली मुलंही शिकतात. १८६९ मध्ये पहिला कॉलेज फुटबॉल सामना खेळलेलं आणि २०१४ पासून बिग टेनमध्ये असलेलं हे विद्यापीठ. साथीच्या २०२०-२१ या वर्षात त्याच्या क्रीडा विभागाची तूट ७ कोटी डॉलरच्या पुढे गेली. प्रवेश घेताना फीच्या तक्त्यातली क्रीडा शुल्काची ओळ पालकांनी जरूर वाचावी.

मग पैसा जातो कुठे? प्रशिक्षकांचे पगार, स्टेडियम, सरावाच्या इमारती. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा करारापोटी त्यांना ७ कोटींहून जास्त डॉलर देणं भाग पडलं. काम थांबवण्यासाठी एका माणसाला एवढी रक्कम! मोठ्या विद्यापीठांत फुटबॉलच्या कमाईवर पोहणं, कुस्ती आणि मुलींचे संघ चालतात, हे मात्र खरं आहे आणि मोलाचंही आहे. पण तो पैसाही क्रीडा विभागातच फिरतो, प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात सहसा येत नाही.

"खेळाडू फुकट शिकतात."
शिष्यवृत्ती मिळते, पण सर्वांना पूर्ण मिळतेच असं नाही. जुलै २०२१ पर्यंत तर खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे कमवायलाही बंदी होती. विद्यापीठाने थेट मोबदला देण्याची वाट जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या खटल्यात न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीने मोकळी झाली. तिच्यानुसार जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर द्यायचे आहेत आणि २०२५-२६ मध्ये प्रत्येक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना २.०५ कोटी डॉलरपर्यंत देऊ शकतं. हा पैसा खेळाडूंच्या हक्काचाच आहे. तो उभा करताना प्रशिक्षकांच्या करारांना कात्री लागावी, विद्यार्थ्यांच्या फीला नव्हे.