आजोबांची बिडी आपोआप विझायची

आमचे आजोबा बिडी ओढायचे. दोन झुरके मारले की ओट्यावर कुणीतरी यायचं, पावसापाण्याचा विषय निघायचा आणि बिडी विझायची. परत काडेपेटी. आजी म्हणायची, "बिडीपेक्षा काड्याच जास्त जाळता तुम्ही." उरलेली अर्धी बिडी कानावर जायची. कानावर ठेवताना ती विझलीय का, हे त्यांनी कधी चाचपून पाहिल्याचं मला आठवत नाही.

सिगारेटचं तसं नसतं. ओढा नाहीतर ठेवून द्या, ती जळतच राहते. हे मला पुण्यात कॉट बेसिसवर राहताना कळलं. परीक्षेचे दिवस होते. रूममेटला सिगारेट हातात असतानाच डोळा लागला. गादी कापसाची. मला जाग आली ती खोकल्याने. ज्वाळा कुठेच नाही, नुसता धूर, आणि गादीला रुपयाएवढं भोक, त्याची कड लाल. बादलीभर पाणी ओतलं, गादी गॅलरीत टाकली आणि झोपलो. पहाटे गॅलरीतून परत धूर! वरून भिजला तरी कापूस आतल्या आत धुमसत राहतो. सकाळी घरमालकांनी आम्हाला काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. खरी भीती मात्र मला कितीतरी वर्षांनी वाटली. अशा धुमसणाऱ्या गादीत माणूस भाजायच्या आधीच कार्बन मोनॉक्साईडने जाऊ शकतो, असं वाचलं तेव्हा. त्या वायूला वास नसतो. आम्ही खोकलो म्हणून वाचलो.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. ओढणं थांबवलं की बहुतेक वेळा आपली आपण विझेल अशी सिगारेट बनवता येते. नुसती बनवता येते असं नाही, कितीतरी देशांत तशीच विकायची सक्ती आहे.

युक्ती अगदी साधी. सिगारेटच्या कागदावर अंतराअंतराने दोन-तीन आडव्या पट्ट्या असतात. तेवढ्या जागेत कागद कमी सच्छिद्र. निखारा पट्टीपाशी आला की त्याला हवा कमी पडते. झुरका मारलात तर तो पट्टी ओलांडतो, नाहीतर तिथेच मरतो. आजोबांच्या बिडीत हेच काम टेंदूचं पान फुकटात करत होतं! (बिडीची जाहिरात करत नाहीये. पान सहज जळत नाही म्हणूनच बिडीवाला जास्त वेळा आणि खोल ओढतो. छातीचं वाटोळं ठरलेलंच.)

चाचणीही घरगुती वाटावी अशी. गाळणकागदाचे १० थर लावायचे आणि त्यावर पेटती सिगारेट ठेवायची. अशा ४० सिगारेटींपैकी १० पेक्षा जास्त शेवटपर्यंत जळाल्या की तो प्रकार नापास. म्हणजे पास झालेल्यांतल्याही काही जळणारच. म्हणून 'अग्निसुरक्षित सिगारेट' हे नाव मला फसवं वाटतं. धोका कमी होतो, जात नाही.

एवढ्याशा पट्टीला किती वर्षं लागली बघा. मॅसॅच्युसेट्समध्ये सिगारेटमुळे लागलेल्या एका घराच्या आगीत लहान मुलं दगावली, म्हणून १९७९ मध्ये जो मोकली नावाच्या खासदाराने अमेरिकी संसदेत विधेयक आणलं. १९८४ मध्ये कायदा झाला, तो फक्त अभ्यास करण्याचा! अभ्यासगटाने १९८७ मध्ये सांगितलं की हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. तरी कंपन्यांचं पालुपद सुरूच, गिऱ्हाइकाला चव आवडणार नाही. शेवटी २००४ च्या जूनमध्ये एकट्या न्यूयॉर्क राज्याने सक्ती लागू केली. मोकली २००१ मध्येच वारले होते. मग मात्र भराभर झालं. २००५ मध्ये कॅनडा, २०१० मध्ये ऑस्ट्रेलिया, २०११ मध्ये युरोपीय संघ, आणि तोवर अमेरिकेतली सगळी राज्यं.

मधल्या काळात तंबाखू उद्योगाने जे केलं त्याचा मला खरा राग आहे. विस्तवाला हात लावायचा नाही, सोफा बदला म्हणायचं. कॅलिफोर्नियात १९७५ पासून नियम होता की सोफ्यातल्या फोमने लहान ज्वाळेसमोर १२ सेकंद टिकलं पाहिजे. ते जमवायला फोममध्ये ज्वालारोधक रसायनं आली, आणि तसली रसायनं पुढे आईच्या दुधातही सापडली. बोट सिगारेटकडून फर्निचरकडे वळवण्यात तंबाखूवाल्यांचा हात कसा होता, हे शिकागो ट्रिब्यूनने २०१२ मध्ये उघड केलं. त्यानंतर कॅलिफोर्नियाने नियम बदलला. आता पाहतात ते सोफ्याचं कापड आणि आतला भराव धुमसतो का, एवढंच.

कुणीतरी म्हणेलच, "सोडा ना सरळ, पट्ट्या कसल्या लावता?" सोडा की, नाही कोण म्हणतंय. पण अमेरिकेत घरातल्या अशा आगींत मरणाऱ्या चारांपैकी एक जण ती सिगारेट ओढणारा नसतो. त्या रात्री आमच्या खोलीत तो चौथा मी होतो. मी आजवर सिगारेट ओढलेली नाही.

आपला २००३ चा तंबाखू कायदा जाहिरात, सार्वजनिक जागा, शाळेजवळची विक्री, पाकिटावरचा इशारा, सगळ्यावर बोलतो. सिगारेट पेटती राहण्याबद्दल अवाक्षर नाही. ज्या जागतिक तंबाखू करारात भारत २००४ पासून आहे, त्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१२ पासून अशी सक्ती करा म्हणतायत. आपल्याकडे विजेमुळेही कितीतरी आगी लागतात, मान्य. पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'शॉर्टसर्किटचा अंदाज' छापून आल्यावर राखेत थोटूक शोधायला कोण जातं?

आणि इथल्या कारखान्यातली सिगारेट न्यूयॉर्कला विकायची असेल, तर तिला त्या १० थरांच्या कागदावर विझूनच दाखवावं लागतं. कोपऱ्यावरच्या टपरीवर तसं काही नाही.

अमेरिका-कॅनडातल्या मित्रांपैकी जे अजून ओढतात (नावं घेत नाही, बायका वाचतायत), त्यांनी एक न पेटवलेली सिगारेट उजेडासमोर धरून बघा. पट्ट्या दिसतील. फोटो पाठवा, इथल्या टपरीवरच्या सिगारेटशेजारी ठेवून पाहायचाय.