विमा कंपनीला खर्चात पाडू नका

विमा कंपनीवर निःस्वार्थ प्रेम करणारा माणूस पाहायचा असेल तर खानदेशात या. हप्ता भरताना आम्ही एजंटाशी तासभर घासाघीस करतो, हे खरं. पण एकदा अपघात झाला की कंपनीचा एक रुपया सुटू नये म्हणून आमचा जो जीव तुटतो, तो कंपनीच्या स्वतःच्या वकिलाचाही तुटत नसेल. तरी अलीकडे काही लोक बिघडायला लागलेत. कुणाचा भाचा एलएलबी होतो, कुणी मोबाईलवर काहीबाही बघतं आणि थेट क्लेम टाकतं. अशा भरकटलेल्या मंडळींसाठी हे मार्गदर्शन.

समजा पारोळा-एरंडोलच्या मधे कुठेतरी पिकअपने तुमच्या मोटारसायकलला उडवलं. पायाचं हाड बाहेर आलंय. अशा वेळी फोटोबिटो काढत बसू नका. दोन्ही गाड्या आधी बाजूला ओढा, काचा झाडून टाका, म्हणजे स्थळ पंचनाम्याला येणाऱ्या हवालदाराला नुसता स्वच्छ रस्ता दिसेल. तेवढ्यात गर्दीतून एखादे अप्पा किंवा नाना पुढे येतीलच. ते कुणाचेच नसतात आणि सगळ्यांचे असतात. ते म्हणतील, “जाऊ द्या ना भो, मिटाडी टाका. कोर्टना नाद काय कामना?” या वाक्याला मान द्या. अप्पा मोठे आहेत.

मिटवण्याची बैठक ढाब्यावर घ्यावी. पिकअपवाला शेवभाजी मागवतो, म्हणजे माणूस दिलदार आहे हे सिद्ध होतं. पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर भागायचं, आता पाचशेचा लागतो. तोही तोच आणतो. मजकूर ठरलेला असतो: ‘सदर अपघातात कोणाचीही चूक नसून उभयतांनी राजीखुशीने प्रकरण मिटविले आहे, भविष्यात कोणतीही तक्रार करणार नाही.’ रक्कम चाळीस हजार. वीस आत्ता, वीस कापूस विकला की. तुमच्या वतीने चुलतभाऊ सही करतो, कारण तुम्ही त्या वेळी ऑपरेशनच्या टेबलावर असता. कागदाच्या कोपऱ्यावर तर्रीचा लाल डाग पडतो. तो पुसू नका. चार वर्षांनी कंपनीचा वकील उलटतपासणीत हाच कागद तुमच्यापुढे धरील, तेव्हा ओळखायला सोपा जाईल.

दुसरे वीस हजार येतात की नाही, हे विचारणं असभ्यपणाचं आहे.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर विचारतात, काय झालं? इथे भलेभले घसरतात. ‘पिकअपने ठोकलं’ असं खरं बोललात की एमएलसी म्हणजे पोलीस-प्रकरण अशी नोंद होते, पोलिसांना कळवलं जातं आणि कंपनीचं वाईट व्हायला सुरुवात होते. कारण कायदा हल्ली भलताच आगाऊ झालाय. २०२२ च्या मोटार वाहन नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांच्या आत पहिला अपघात अहवाल थेट अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आणि तो कंपनीलाही कळवायचा. २०२५ पासून केंद्राने अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे कॅशलेस उपचार देऊ केलेत, पण त्यालाही पोलिसांची नोंद लागते. म्हणून डॉक्टरांना सांगायचं, ‘घरी जिन्यावरून पडलो.’ घर पत्र्याचं, एकमजली असलं तरी सांगायचं. केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि ते शाईने लिहिलेलं असतं. तुम्ही नंतर कोर्टात कितीही छाती ठोकून पिकअपचा नंबर सांगा, न्यायाधीश तुमच्या जिन्याबद्दलच विचारतील.

आता समजा पारडं फिरलं आणि ठोकणारे तुम्हीच आहात. गाडी चालवत होता तुमचा सोळा वर्षांचा आंडोर. लाडका आहे, बारावीला आहे, क्लासला उशीर होत होता. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने अशा वेळी पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड ठेवलाय. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. एवढं कशाला सोसायचं? मामाला बोलवा. मामाकडे लायसन आहे. मामा म्हणेल, मी चालवत होतो. साक्षीदारांनी पोराला पाहिलेलं असतं, चौकातल्या सीसीटीव्हीने पोराला पाहिलेलं असतं, मामा त्या वेळी शहाद्याला बाजारात होता हे त्याचा मोबाईल सांगत असतो. पण नातं टिकलं पाहिजे. कंपनीला तर असा मामा मिळाला की पेढेच वाटावेसे वाटतात.

लायसनच नव्हतं असं निघालं तर मात्र एक गंमत होते, ती गाडीमालकांनी नीट ऐकावी. २००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जो रस्ता घालून दिला, त्याने न्यायाधिकरण कंपनीला सांगू शकतं: जखमीला आधी तू पैसे दे, मग मालकाकडून वसूल कर. वसूल कसं करतात? त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे दाखला कलेक्टरकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होते. म्हणजे ज्या शेतासाठी तुमच्या आजोबांनी भावाशी वीस वर्षं दावा लढवला, ते शेत पोराच्या एका क्लासच्या फेरीवर जाऊ शकतं. तुम्ही मात्र लायसनचा खर्च वाचवलेला असतो. हिशोबाला पक्के आहात.

असाच पक्का हिशोब जुनी गाडी विकताना ठेवावा. मोटारसायकल ओळखीतल्या माणसाला विकायची, पैसे मोजून घ्यायचे, टीटी म्हणजे नाव बदलण्याच्या फॉर्मवर सह्या करून द्यायच्या आणि विसरून जायचं. नाव लावायला आरटीओत कोण जातो? घेणारा म्हणतो, ‘दिवाळीनंतर लावतो.’ कोणती दिवाळी ते आपण विचारत नाही. एमएच १९ ची गाडी नंदुरबारला फिरते, तिथून कुणाच्या मेहुण्याकडे जाते, विमा संपतो आणि एक दिवस ती नवापूरच्या रस्त्यावर कुणाला तरी उडवते. नोटीस तुमच्या दारात येते. तुम्ही म्हणणार, “गाडी त इकी टाकेल शे!” २०१८ साली सुप्रीम कोर्टाने नवीनकुमार प्रकरणात स्पष्ट सांगून टाकलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. मधे गाडी चार हातांतून गेली याच्याशी अपघातग्रस्ताला देणंघेणं नाही. चौदा दिवसांत कळवायचं होतं, तुम्ही चहा पाजून मोकळे झालात.

विमा किती रुपयांचा असतो म्हणता? ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलचा थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरत्या विम्याचा हप्ता सरकारने २०२२ मध्ये ठरवलेल्या दराने वर्षाला ७१४ रुपये, वर जीएसटी. म्हणजे रोजचे दोन रुपये. ही उधळपट्टी झाली. विमा नसताना सापडलात तर पहिल्या वेळी दोन हजार दंड, पण सापडण्याआधी चौकात वळून गल्लीत शिरता येतं, आणि खानदेशात गल्ली नाही असं गाव अजून वसलेलं नाही.

आणि घेतलाच विमा, तर सगळ्यात स्वस्त, नुसता थर्ड पार्टी घ्या आणि बायकोला मागे बसवून बिनघोर निघा. मागे बसलेली व्यक्ती त्या पॉलिसीतली ‘तिसरी’ व्यक्ती ठरत नाही, हे २००६ पासून ठरलेलं आहे. तुमच्या चुकीने ती पडली तर तुमची कंपनी हात वर करणार. एजंटाला हे माहीत असतं. तुम्ही विचारलं नाही म्हणून त्याने सांगितलं नाही.

हेल्मेटबद्दल फार लिहीत नाही. ते आरशाला लटकवलेलं छान दिसतं.

लग्नसराईत मात्र थोडं थांबलं पाहिजे, कारण कंपनीसाठी खानदेश जे करतो त्याचा कळस तिथे होतो. वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. खाली गवत, त्यावर ताडपत्री, त्यावर चाळीस माणसं, पुढे बँडवाल्याचा ढोल आणि मडगार्डवर दोन्ही बाजूंना नवरदेवाचे मित्र. चालवणारा रात्रभर हळदीत नाचलेला. कागदोपत्री हा ट्रॅक्टर शेतीकामासाठी आहे आणि शेतीकामाचाच विमा आहे. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई कंपनीवर येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने आशा राणी प्रकरणात वीसेक वर्षांपूर्वी सांगितलं. आपल्या मालासोबत बसलेल्या मालकाला गाडीच्या विम्याचं संरक्षण असतं, एवढीच काय ती सूट. आता वऱ्हाडातल्या काकूंच्या मांडीवर आहेराची पितळी परात असते, तिला माल म्हणायचं का, यावर एखादा हुशार वकील नक्की लढेल. बाकीच्या एकोणचाळीस जणांचं काय, हे ट्रॅक्टरमालक जाणे. तो नवरीचा मामा असतो. एसटीची बस वऱ्हाडासाठी ठरवता येते, पण तिच्या टपावर नाचता येत नाही.

आता पैशांचं. कोर्ट भरपाई मनाला येईल तशी देत नाही, त्याचं गणित आहे, आणि ते तुम्हाला कळू नये अशी माझी फार इच्छा आहे. रावेरकडे केळीच्या गाड्या भरणारा पस्तीस वर्षांचा माणूस धरा. महिन्याला पंधरा हजार कमावतो. घरी बायको, दोन लेकरं, म्हातारी आई. तो अपघातात गेला. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. प्रणय सेठी निकालाने (२०१७) चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या कमाईत भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: २ लाख ५२ हजार. अवलंबून असणारे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा: १ लाख ८९ हजार. सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्यात या वयाचा गुणक १६. गुणा. ३० लाख २४ हजार. वर कुटुंबाच्या सहवासाचे, अंत्यविधीचे वगैरे वेगळे. अप्पांनी ढाब्यावर या घराला किती मिळवून दिले असते? दोन लाख, आणि तेही ‘माणुसकीच्या नात्याने’.

हे तीस लाख वाचवायचे कसे? सोपं आहे, कमाईचा पुरावा ठेवू नका. मजुरी रोखीने घ्या, मुकादमाची वही पावसात भिजू द्या. आणि पोराच्या स्कॉलरशिपसाठी तहसीलमधून उत्पन्नाचा जो दाखला काढता, त्यावर वर्षाचे ३६ हजार लिहून घ्या. म्हणजे महिन्याला तीन हजार. त्या तीन हजारांत तुम्ही मोटारसायकलचा हप्ता फेडत होतात, दोन मोबाईल वापरत होतात आणि भुसावळला प्लॉट बघत होतात, हे चमत्कार आहेत. कंपनीचा वकील तोच दाखला काढून आणतो. दाखल्यावर शासनाचा गोल शिक्का असतो, त्यामुळे वाद घालायची सोय राहत नाही.

घरातली बाई गेली तर साक्षीत नवऱ्याने स्वतःहून सांगावं, “काही नाही, घरीच असायची.” पहाटे चारला उठून कळण्याच्या भाकरी थापायची, म्हशीचं करायची, मग दिवसभर कापूस वेचायची, सासऱ्याच्या गोळ्या सांभाळायची, हे काही काम नव्हे. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कीर्ती प्रकरणात गृहिणीच्या श्रमाचंही उत्पन्न धरायचं, त्यात भविष्यातली वाढही धरायची असं म्हटलंय. दिल्लीतले न्यायाधीश तिचं काम मोजायला तयार आहेत. नवरा नाही. कंपनीने अशा नवऱ्यांचा दरवर्षी सत्कार केला पाहिजे, शाल-श्रीफळ देऊन.

आपली निम्मी पोरं सुरतेला कामाला. तिकडे अपघात झाला की घरचे म्हणतात, सुरतेला कोण खेटे घालणार, सोडून द्या. दावा करणारा जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो, धुळ्यात चालतो, जळगावात चालतो, हे कुणाला सांगू नका. बायकांना उत्पन्न न विचारता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेही नको. दवाखान्याच्या आवारात जो गृहस्थ ‘क्लेम करून देतो, वीस टक्के’ म्हणत फिरतो, त्यालाच कोऱ्या वकीलनाम्यावर सही द्या. टक्केवारीवर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, पण तो गृहस्थ वकील आहे असं तो तरी कुठे म्हणतो?

राहता राहिली मुदत. २०१९ च्या दुरुस्तीतली ही अट १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली: अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलंय, तेव्हा त्या आव्हानाच्या भरवशावर निवांत बसा. दहावं-तेरावं होऊ द्या. मग वर्षश्राद्धाआधी कोर्टात जाऊ नये असं मावशी म्हणतील, मावशींचं ऐका. मग कपाशीची फवारणी, मग वेचणी, मग भाव पडला म्हणून घरातच ठेवलेला कापूस, मग भाचीचं लग्न. चौदाव्या महिन्यात वकील विचारतील, इतका उशीर का केला? सांगा, अप्पा म्हणाले होते पिकअपवाला राहिलेले वीस हजार आणून देणार आहे.