वजन उतरवणाऱ्या चिनी औषधात नेमकी कुठली मुळी आहे, ते आधी विचारा

मे १९९० मध्ये ब्रसेल्समधल्या वजन उतरवून देणाऱ्या एका दवाखान्याने आपल्या कॅप्सूलमध्ये दोन चिनी वनस्पतींची पूड घालायला सुरुवात केली. त्यातली एक ‘फांगजी’. १९९२ मध्ये ती औषधं घेतलेल्या दोन तरुण बायकांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं लक्षात आलं. पुढे हा आकडा शंभराच्या वर गेला. पूड तपासली तेव्हा उलगडा झाला: नाव स्टेफानिया टेट्रँड्राचं, आत मात्र ॲरिस्टोलोकिया फांगची. चिनी बाजारात पहिलीला ‘हान फांगजी’ म्हणतात, दुसरीला ‘ग्वांग फांगजी’. नावातला पहिला शब्द गळाला आणि एका मुळीच्या जागी दुसरी गेली.

अख्खी मुळी समोर असती तर जाणकाराला फरक दिसला असता. हान फांगजी वेडीवाकडी, गाठाळ, आतून पांढुरकी आणि पिठूळ असते. दळून कॅप्सूलमध्ये भरल्यावर डोळ्यांना काहीच कळत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे, ओळखू न येणारी पूड पोटात घालायची असेल तर तिचं पूर्ण शास्त्रीय नाव आणि झाडाचा कोणता भाग वापरला आहे, हे कळलंच पाहिजे. ग्वांग फांगजीतलं विष, ॲरिस्टोलोकिक आम्ल, डीएनएला चिकटून बसतं, त्यामुळे औषध थांबवल्यावरही मूत्रपिंड आक्रसत जातं. ब्रसेल्सच्या त्या रुग्णांपैकी ३९ जणांची निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, तेव्हा १८ जणांमध्ये मूत्रमार्गाचा कर्करोग सापडला. हे २००० साली प्रसिद्ध झालं. चीनने ग्वांग फांगजीवर २००४ मध्ये बंदी घातली. आपल्याकडची सापसण, म्हणजे ईश्वरी, याच कुळातली आहे. तेव्हा हा धोका फक्त चिनी मुळीचा नाही.

दुसरं उदाहरण ‘मा-हुआंग’चं, म्हणजे इफेड्राचं. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चांग चोंगचिंग या वैद्याने दिलेला मा-हुआंगचा काढा थंडी वाजून ताप आला, घाम फुटत नाही, दम लागतो, अशा रोग्यासाठी आहे. त्याची कृती बघा. कांड्यांची पेरं काढून टाकायची, मा-हुआंग आधी एकटी उकळायची, वर आलेला फेस काढायचा, मगच दालचिनीच्या कोवळ्या काड्या, जर्दाळूच्या बिया आणि ज्येष्ठमध घालायचं. काढा गरम प्यायचा, पांघरूण घ्यायचं आणि अंगाला हलका घाम सुटू द्यायचा. सगळा खेळ थोड्या वेळाचा. अमेरिकेत हीच वनस्पती गोळ्यांमधून महिनोन्‌महिने दिली गेली, वर कॅफिनची जोड. २००३ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर निष्पन्न काय झालं? महिन्याला सुमारे ०.९ किलो जास्त घट, आणि त्यासोबत धडधड, मानसिक त्रास, पोटाच्या तक्रारी यांची शक्यता दुपटीहून जास्त. २००४ मध्ये तिथे इफेड्राच्या पूरक गोळ्यांवर बंदी आली. एवढ्याशा घटीसाठी हृदयाशी असा खेळ करावा, हे मला अजिबात पटत नाही.

चिनी वैद्यकात ‘वजन उतरवायचं औषध’ असं एकच एक नसतंच. चौदाव्या शतकातल्या चू दानशी या वैद्याच्या परंपरेत जाड माणसात कफ आणि ओल फार, असं सांगितलं आहे. आपल्याला हे ओळखीचं वाटेल. पण कुणाची पचनशक्ती मंद, कुणाच्या पोटात उष्णता, त्यानुसार काढा पार बदलतो. जपानमध्ये आजही वापरात असलेले दोन काढे शेजारी ठेवले की हे लख्ख दिसतं. ‘बोफू-त्सूशो-सान’मध्ये १८ द्रव्यं. दिवसाच्या नेहमीच्या मात्रेत मा-हुआंग १.२ ग्रॅम, रेवंदचिनी १.५ ग्रॅम, ज्येष्ठमध २ ग्रॅम. तो धट्ट्याकट्ट्या, पोट सुटलेल्या, बद्धकोष्ठ असलेल्या माणसासाठी. ‘बोई-ओगी-तो’मध्ये सहाच द्रव्यं. तो फिकट, मऊ अंगाच्या, चटकन थकणाऱ्या, घाम फार येणाऱ्या, गुडघे सुजणाऱ्या माणसासाठी. पहिला काढा दुसऱ्या माणसाला दिला तर जुलाब आणि धडधडीने तो आडवा होईल. (या दुसऱ्या काढ्यात जपानी लोक ‘फांगजी’ म्हणून तिसरीच वेल वापरतात, सायनोमेनियम. नावांचा गुंता असा आहे.) पहिला काढा योग्य माणसाला दिला तरी ज्येष्ठमधामुळे पोटॅशियम घसरू शकतं आणि रक्तदाब चढू शकतो. यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे.

बारीक करणाऱ्या चहाचं गुपित बहुधा सोनामुखीत असतं. चिनी भाषेत तिचं नावच ‘परदेशी जुलाबाचं पान’, आणि ती जाते आपल्या तिरुनेलवेलीहून! रोजची मात्रा २ ते ६ ग्रॅम. ती काम करते मोठ्या आतड्यात, आणि अन्नातल्या कॅलऱ्या तोवर लहान आतड्यात शोषून झालेल्या असतात. म्हणजे काट्यावर उतरलं ते पाणी आणि मळ, चरबी तिथल्या तिथे. रोज घेत राहिलं की पोटॅशियम जातं, पोटऱ्यांत वांब येतात, आणि पुढे चहाशिवाय पोट साफ होत नाही. रेवंदचिनीचंही तेच. ती काढ्यात शेवटची पाच मिनिटं घातली तर जुलाब होतात, जास्त वेळ उकळली तर रेचक घटक मोडतात आणि जोर कमी होतो. एकाच पुडीचा परिणाम घराघरांत वेगळा का, त्याचं हे एक कारण.

कमळाचं पान, शान-जाची (हॉथॉर्नची) आंबट फळं, फू-लिंग ही औषधी बुरशी, ही त्या मानाने सौम्य द्रव्यं. त्यांच्यावरच्या चाचण्या बहुतेक लहान आणि थोड्या आठवड्यांच्या आहेत. त्यावरून मोठे दावे करू नयेत.

सगळ्यात घातक म्हणजे ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ लिहिलेल्या पाकिटात मिसळलेलं सिब्युट्रामिन, हे भूक मारणारं रासायनिक औषध. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यावर २०१० मध्ये ते युरोप, अमेरिका आणि चीनमधून हटवलं, भारतात २०११ मध्ये बंदी आली. तरी आजही ते कॅप्सूलमध्ये सापडतं. दोन-तीन दिवसांत भूक पार मेली, तोंड कोरडं पडलं, झोप उडाली, नाडी जोरात चालू लागली, तर ते पानाचं किंवा मुळीचं काम नाही असं समजा आणि तिथेच थांबा. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

काढा घ्यायचाच असेल तर सुट्या, ओळखता येणाऱ्या द्रव्यांचा घ्या, प्रत्येकाचं नाव आणि वजन लिहून मागा. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, मातीचं किंवा काचेचं घ्या. अर्धा तास गार पाण्यात भिजवून, उकळी आली की मंद आचेवर २० ते ३० मिनिटं. गरोदर बायकांनी, रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी, लघवी वाढवणाऱ्या किंवा हृदयासाठीच्या डिजॉक्सिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी यातलं काहीही आपल्या मनाने घेऊ नये.

आणि काही महिने असं काही घेऊन झालं असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लघवी, एसजीपीटी (यकृतासाठी), पोटॅशियम आणि रक्तदाब तपासून घ्या. डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या. रिकामी असली तरी टाकू नका, तळाला चिकटलेल्या चिमूटभर पुडीवरूनही आत काय होतं ते कळू शकतं.