दोन अँटिबायोटिकांच्या सिमेंटपायी लांबलेले ऑपरेशन

आमची आत्या, वय ८१, गेल्या महिन्यात न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्यापाशी मांडीच्या हाडाची मान मोडली. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन ठरले होते, ते झाले चौथ्या दिवशी. मधले दोन दिवस गेले ते घरच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत आलेल्या एका संदेशापायी, जो माझ्या आतेभावाने मोबाइलवर उघडून थेट डॉक्टरांपुढे धरला. निवृत्तीपूर्वी मी बरीच वर्षे हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका होते, त्यामुळे तो संदेश वाचताना मला आधी हसू आले आणि मग संताप.

संदेशात चार गोष्टी होत्या. कृत्रिम सांधा पक्का बसावा म्हणून खुब्यात भरतात ते सिमेंट बांधकामाच्या सिमेंटचाच प्रकार असून ते रक्तात विरघळते. सिमेंटमुळे म्हातारी माणसे टेबलावरच दगावतात, म्हणून बिनसिमेंटचा सांधा मागावा. सिमेंट घालायचेच असेल तर ‘डबल अँटिबायोटिक’वाले परदेशी सिमेंट हट्टाने मागावे, कारण एका अँटिबायोटिकचे सिमेंट म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. आणि ते मिळेपर्यंत ऑपरेशन थांबवावे, मोडलेले हाड काही पळून जात नाही.

पहिल्या मुद्द्यावर फार शब्द खर्चण्यात अर्थ नाही. वाळूत कालवतात त्या सिमेंटशी याचा केवळ नावापुरता संबंध आहे. हे ॲक्रिलिक आहे, दातांच्या कवळ्या बनवतात त्याच कुळातले. इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी १९५८पासून ते खुब्याच्या सांध्यासाठी वापरायला सुरुवात केली. चाळीस ग्रॅम पूड आणि छोट्या काचेच्या कुपीतला उग्र वासाचा द्रव एकत्र कालवला की त्याची कणकेसारखी लगदी होते, ती बंदुकीसारख्या साधनाने हाडाच्या पोकळीत भरतात आणि दहा-पंधरा मिनिटांत ती दगडासारखी घट्ट होते. घट्ट झालेले सिमेंट विरघळत नाही. कालवलेल्या द्रवाचा थोडा अंश रक्तात जातो खरा, पण शरीर तो लवकर बाहेर टाकते.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते मी नाइलाजाने मान्य करते, कारण ते डोळ्यांनी पाहिले आहे. सिमेंट दाबून भरताना हाडातली चरबी आणि मज्जा रक्तवाहिन्यांत ढकलली जाऊन फुफ्फुसांपर्यंत पोहोचू शकते, आणि मग रक्तदाब व प्राणवायूची पातळी अचानक घसरते. क्वचित हे जिवावर बेतते, विशेषतः हृदय किंवा फुफ्फुसे आधीच कमकुवत असतील तर. म्हणूनच पोकळी आधी धुऊन कोरडी करतात, आणि सर्जन ‘सिमेंट घालतोय’ असे मोठ्याने सांगतात, तेव्हा भूलतज्ज्ञ हातातले सगळे सोडून मॉनिटरकडे पाहू लागतात. पण यावरून बिनसिमेंटचा सांधा म्हाताऱ्यांसाठी सुरक्षित ठरतो का? ब्रिटनमध्ये साठी ओलांडलेल्या आणि खुबा मोडलेल्या १,२२५ रुग्णांवर झालेली चाचणी २०२२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. सिमेंटवाल्या गटात वर्षभरात २३.९ टक्के रुग्ण दगावले, तर आधुनिक बिनसिमेंटच्या गटात २७.८ टक्के. हा फरक ठाम निष्कर्ष काढण्याइतका मोठा नाही, पण संदेशातले चित्र त्यात मुळीच दिसत नाही. शिवाय बसवलेल्या सांध्याभोवतीचे हाड पुन्हा मोडण्याचे प्रमाण सिमेंटवाल्या गटात ०.५ टक्के होते आणि बिनसिमेंटच्या गटात २.१ टक्के. ठिसूळ झालेल्या हाडात बिनसिमेंटच्या सांध्याचा दांडा ठोकून बसवायचा म्हटल्यावर हे व्हायचेच.

खरा गोंधळ तिसऱ्या मुद्द्याने घातला, कारण तो ऐकायला शास्त्रीय वाटतो. नेहमीच्या सिमेंटमध्ये चाळीस ग्रॅम पुडीमागे अर्धा ग्रॅम जेंटामायसिन हे अँटिबायोटिक असते, जे सिमेंट घट्ट होतानाची उष्णता सोसते आणि नंतर हळूहळू आजूबाजूच्या भागात झिरपते. दुहेरी सिमेंटमध्ये एक ग्रॅम जेंटामायसिन आणि जोडीला एक ग्रॅम क्लिंडामायसिन असते. जास्त औषध म्हणजे कमी जंतुसंसर्ग, हा तर्क कुणालाही पटेल. ब्रिटनमधल्या एका लहान अभ्यासात तसा फायदा दिसलाही होता आणि संदेश लिहिणाऱ्याने बहुधा तेवढेच उचलले. पण त्याच शंकेच्या निरसनासाठी पुढे २६ रुग्णालयांत ४,९३६ रुग्ण घेऊन मोठी चाचणी झाली आणि ती २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. हे सगळे रुग्ण साठीपुढचे, खुबा मोडलेले आणि अर्धा सांधा, म्हणजे फक्त मांडीच्या हाडाचा गोळा, बदललेले होते, म्हणजे नेमकी आत्याचीच स्थिती. कुणाला कोणते सिमेंट मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले होते. नव्वद दिवसांत खोलवर जंतुसंसर्ग झाला तो एका अँटिबायोटिकच्या गटात २,१८३पैकी ३८ जणांना, म्हणजे १.७ टक्के, आणि दुहेरी गटात २,२१४पैकी २७ जणांना, म्हणजे १.२ टक्के. आकडा दुहेरीच्या बाजूने किंचित झुकतो हे मी लपवत नाही, परंतु एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, असेच त्याचे गणित सांगते. दोन्ही गटांत शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांहून अधिक जणांना हा संसर्ग झालाच नाही. याला ‘आमंत्रण’ म्हणायचे असेल तर मराठी शब्दांचे अर्थच बदलावे लागतील.

आधीच्या सांध्यात पू झाल्यामुळे तो काढून दुसरा बसवायचा असतो, तेव्हा जादा औषधाचे सिमेंट सर्जन मुद्दाम निवडतात. ते प्रकरण वेगळे आहे. संदेशाने तिथली गोष्ट उचलून पहिल्यांदाच खुबा मोडलेल्या प्रत्येक आजीला चिकटवली, वर ‘परदेशी’ हा शब्द लावला आणि रुग्णालय पैसे वाचवते आहे, हा संशयही पेरला.

आणि चौथा मुद्दा. हाड पळून जात नाही, पण माणूस हातचा जातो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे ऑपरेशन दाखल केलेल्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी व्हावे, आणि सांधा सिमेंटचाच बसवावा. आतेभाऊ दोन दिवस वितरकांना फोन लावत होता, तेव्हा आत्या पाठीवर पडून होती. बेडपॅन सरकवताना ती इतकी कळवळायची की तिने पाणी पिणेच सोडले. दुसऱ्या रात्री ती बरळू लागली, मला तिच्या आईच्या नावाने हाक मारू लागली आणि सलाइनची सुई उपटून टाकली. तिसऱ्या दिवशी पडून राहून तिची टाच लाल झालेली मला दिसली, तेव्हा मी आतेभावाला व्हरांड्यात नेऊन जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

चौथ्या दिवशी सकाळी रुग्णालयाकडे होते त्याच एका अँटिबायोटिकच्या सिमेंटने ऑपरेशन झाले. दुहेरी सिमेंटचे पाकीट संध्याकाळी कुरिअरने आले. आतेभाऊ ते परत करायच्या खटपटीत आहे, आणि तो संदेश अजून गटावर तसाच आहे. त्याखाली मी ‘लॅन्सेट’चे हे आकडे टाकले, तर एका काकांनी हात जोडल्याचे चित्र पाठवले आणि पाठोपाठ तोच संदेश पुन्हा पुढे ढकलला.