खिशात नोट? शोभतं का तुम्हाला!

आधी रोख पैसे बाळगणं सोडा. चोर, करबुडवे आणि आजोबा सोडले तर आता नोट कोण वापरतं?

फूड कोर्टात शिरताना ती आतल्या खिशात दडवा. १४० रुपयांचा मसाला डोसा हवाय ना, मग आधी फूड कोर्टाचं कार्ड 'बनवा', काउंटरवर रोख चालत नाही. कार्डासाठी मोबाइल नंबर, नंबरासाठी ओटीपी, ओटीपीसाठी रेंज, आणि तळघरात रेंज येत नाही. रिचार्ज कमीत कमी २०० चा. उरलेले ६० परत हवेत? मागच्या खिडकीवर रांग लावा. घरी पोचेपर्यंत 'प्रिय ग्राहक' म्हणून तीन मेसेज. अहो, डोसा मागितला होता, गृहकर्ज नव्हतं मागितलं! दोनशेच्या नोटेवर गव्हर्नरची सही आहे, 'धारका'ला पैसे देण्याचं वचन आहे. धारकाला! त्याचं नाव, जन्मतारीख कुणी विचारलेली नाही. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ प्रमाणे ती देशभर कायदेशीर चलन आहे. डोशाचा काउंटर बहुतेक परदेशात येतो.

असो. सल्ले द्यायला बसलोय.

यूपीआय आयडीत मोबाइल नंबर तसाच राहू द्या. ॲपमध्ये दुसरा आयडी करायला दोन मिनिटं कुणाला आहेत?

यूपीआय लाइट, म्हणजे ॲपमधलं छोट्या रकमांचं पाकीट, तर सुरूच करू नका. त्यातून एका वेळी १००० पर्यंत देता येतात आणि पासबुकात फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची ओळ उमटते. मग तुमचा चहा, पान, औषधं कर्जवाल्या साहेबांनी वाचायची कुठे?

भाजीवाल्याकडे क्यूआरच मागा. जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हा बंगळुरूच्या छोट्या दुकानदारांनी 'फक्त कॅश'चे कागद चिकटवले. अडाणी बिचारे.

आणि ई-रुपया, म्हणजे रिझर्व्ह बँकेचं डिजिटल चलन, घ्याच. १ डिसेंबर २०२२ पासून सामान्यांसाठी चाचणी चालू आहे. नोटांसारखेच दहा, वीस, शंभर, व्याज शून्य, अगदी रोकडच! फक्त वॉलेट बँकेचं आणि सिम बँकेत नोंदवलेलं. छोट्या रकमांना अनामिकता, मोठ्यांचा माग, असं रिझर्व्ह बँकेच्याच टिपणात आहे. छोटी म्हणजे किती, ते अर्थातच तुम्ही ठरवायचं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यावर आणखी एक मजला जाहीर झाला: पैसे कशावर, कुठल्या भागात आणि कुठल्या तारखेपर्यंत खर्चायचे, हे त्यांच्यातच घालून ठेवता येईल. दुधाच्या पिशवीवर असते तशी तारीख, तुमच्या पगारावर.

बास झालं. दोन लाख आणि त्यापुढची रोकड घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे, बँकेत मोठी रोकड भरायला पॅन लागतं. काळ्या पैशाचा बंदोबस्त तिथे करा ना! वीस रुपयांच्या चहाला माझा नंबर कशाला? सर्व्हर झोपला की हेच लोक 'सर, कॅश आहे का?' म्हणत हात पसरतात. आणि तुम्ही! मागे रांग खोळंबली म्हणून निमूट दहा आकडे सांगून मोकळे होता. तुमच्यामुळेच हे शेफारलेत. नोट काउंटरवर ठेवा, मॅनेजरला बोलवा, 'रोख घेत नाही' हे सही-शिक्क्यानिशी लिहून मागा. डोसा गार होऊ दे.