‘उंदरांच्या मेंदूचं कौतुक’ करणाऱ्याचं उत्तर

नमस्कार.

शास्त्रज्ञ चार्ल्स वाइसमान यांच्या प्रयोगातल्या उंदरांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही नाव न घालता प्रतिक्रिया दिलीत. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. लेख लांबला आहे, प्रायॉन (चुकीची घडी पडलेलं, मेंदूचा रोग पसरवणारं प्रथिन) म्हणजे काय ते फार उशिरा कळतं, या संशोधनातून अजून एकही औषध निघालेलं नाही आणि ‘उंदरांच्या मेंदूचं कौतुक सोलापूरकरानं कशाला करायचं? ज्वारी-चादरीवर लिहा.’

लेख लांबला, मान्य. पण ते शेवटचं वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. मतभेद खुशाल असू द्या, ही बोलायची कुठली पद्धत?

चादरीचं म्हणाल तर माझे वडील इथल्या मिलमध्ये मागावर होते. मिल बंद पडल्यावर पूर्व भागात यंत्रमागावर गेले. तुटलेला धागा जोडताना त्यांची बोटं दिसायची नाहीत, इतका हात चपळ. पन्नाशीनंतर तोच उजवा हात थरथरायला लागला. मालकाला वाटलं, पिऊन येतात. आयुष्यात ज्यांनी थेंब घेतला नाही, त्यांच्याबद्दल! एका डॉक्टरांनी वयावर ढकललं. पार्किन्सनचं निदान झालं तोवर सदऱ्याची गुंडी आई लावत होती. मग लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पुढची काही वर्षं तरी वडील कडक भाकरी स्वतःच्या हातानं मोडून जेवले.

ती गोळी आली कुठून? स्वीडनमध्ये १९५७ साली आर्विद कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना रेसर्पिन दिलं. आपल्या सर्पगंधेच्या मुळातून निघालेलं हे औषध. त्यानं मेंदूतलं डोपामिन आटतं; हालचालींसाठी लागणारं हेच रसायन पार्किन्सनमध्ये कमी पडतं. ससे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा, म्हणजे लेव्होडोपाच, टोचलं आणि ते पुन्हा हिंडू-फिरू लागले. त्या वाटेनं पुढं माणसांवर उपचार सुरू झाले. कार्लसन यांना नोबेल मिळालं २००० साली. तेव्हा जनावरांच्या मेंदूचं कौतुक आमच्या घरात आहे आणि राहणार. मी कशावर लिहायचं हे ठरवून देणारे तुम्ही कोण?

वाइसमान यांच्याकडे येतो. मेंढ्यांना स्क्रेपी होतो, त्यात मेंदू झिजत जातो. झुरिचमध्ये त्यांच्या गटानं प्रायॉन प्रथिनाचं जनुकच निकामी केलेले उंदीर तयार केले आणि त्यांच्या मेंदूत स्क्रेपीचे प्रायॉन टोचले. साधे उंदीर मेले, हे उंदीर आजारीच पडले नाहीत. १९९३ ची गोष्ट. म्हणजे बाहेरून आलेल्या प्रायॉनला रोग वाढवण्यासाठी आपल्याच पेशींत बनणारं प्रथिन लागतं. ते नसेल तर रोगाला पुढं सरकायला जागा नाही. आज माणसात ते प्रथिन कमी करता येईल का, याचे प्रयत्न याच पायावर चालू आहेत. याला तुम्ही ‘उंदरांचं कौतुक’ म्हणता!

औषधाबद्दल मूळ लेखाच्या शेवटी लिहिलंय. तिथवर वाचलं असतंत तर विचारायची वेळ आली नसती. प्रायॉनची ओळख कुठल्या परिच्छेदात यावी, यावर वाद घालण्यात मला रस नाही.

पुढचा लेख हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगाचं मानवी जनुक घातलेल्या मेंढ्यांवर आहे आणि तोही लांबच असणार. प्रतिक्रिया जरूर लिहा, पण खाली नाव घालून.